जुन्या तंत्राचा खेळिया

निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 'पिक्मिन २' या व्हिडिओ गेमचा नायक बोटाच्या पेराएवढा अंतराळवीर आहे. त्याची कंपनी कर्जात बुडालेली असते. ते कर्ज फेडण्यासाठी तो एका परक्या ग्रहावर उतरतो आणि मातीत पुरलेल्या, गुहांमध्ये दडलेल्या मौल्यवान वस्तू गोळा करत हिंडतो. हा ग्रह आपल्या पृथ्वीसारखाच आहे, हे खेळणाऱ्याच्या मात्र चटकन लक्षात येते. कारण तो खजिना म्हणजे बाटल्यांची झाकणे, फळे, विजेरीचे सेल अशा आपल्या पायदळी तुडवल्या जाणाऱ्या चिजा असतात. २००४ साली आलेल्या या खेळातील तीन वस्तू इतरांहून वेगळ्या होत्या. दोन माणसांमधले प्रेम मोजण्याचा दावा करणारे एक यंत्र, एका खेळण्यातल्या यंत्रमानवाचे डोके आणि तळहातावर मावणारा एक इलेक्ट्रॉनिक खेळ. या तिन्ही वस्तू प्रत्यक्षात होऊन गेल्या होत्या, तिन्ही निन्टेन्डोनेच कधीकाळी विकल्या होत्या आणि तिन्हींमागे डोके एकाच माणसाचे होते. 'पिक्मिन २' बाजारात आला तेव्हा त्या माणसाला जाऊन साडेसहा वर्षे झाली होती.

गुनपेई योकोई हे त्यांचे नाव. जुनी खेळयंत्रे ही नव्या खेळांच्या आत शोधून जमवण्याची वस्तू व्हावी, हा प्रकार गेल्या पाव शतकात चांगलाच रुळला आहे. १९९९ मध्ये सेगा कंपनीने काढलेल्या 'शेनमू'ची कथा १९८६ सालात घडते. तरी नायकाच्या घरी १९९४ साली जन्मलेले 'सेगा सॅटर्न' यंत्र ठेवलेले दिसते आणि कालविपर्यासाची ती चूक खेळणाऱ्यांनी कौतुकाने पोटात घातली. २००१ मध्ये जपानात निघालेल्या 'दोबुत्सु नो मोरी' या खेळात खेळाडूला आपल्या घरासाठी खुर्च्या-टेबलांबरोबर जुने 'फॅमिकॉम' यंत्रही मिळवता येई आणि ते दिवाणखान्यात मांडून त्यावरचा जुना खेळ खरोखर खेळता येई. सोनीने २०२० मध्ये 'अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम' काढला, त्यात तर कंपनीची जुनी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग हुडकून काढून एका दालनात मांडणे हाच खेळाचा मोठा भाग आहे. या सगळ्या आभासी संग्रहालयांत सर्वाधिक वेळा ज्याच्या हातच्या वस्तू सापडतात, अशा मोजक्या माणसांत योकोई यांची गणना करावी लागेल. त्यांच्या आयुष्याची गोष्ट त्यांनी केलेल्या खेळण्यांइतकीच साधी, मजेदार आणि शेवटाकडे चटका लावणारी आहे.

१० सप्टेंबर १९४१ रोजी क्योतो शहरात योकोई यांचा जन्म झाला. त्याच शहरातील दोशिशा विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. अभ्यासात ते काही चमकले नाहीत. साठच्या दशकातील जपानात इलेक्ट्रॉनिक्सच्या बड्या कंपन्यांची भरभराट सुरू होती, पण त्यांच्या दारातून योकोई यांना परतावे लागले. अखेर १९६५ मध्ये क्योतोतच, घराजवळ, नोकरी मिळाली ती निन्टेन्डोमध्ये. त्या काळी या नावाला आजचे वलय नव्हते. १८८९ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी हानाफुदा, म्हणजे फुलापानांची चित्रे असलेले जपानी पत्ते, तयार करत असे. पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे हे नव्या अभियंत्याचे काम. पदवीधर मुलाने पत्त्यांच्या कारखान्यात तेल-पाणी करत बसावे, यात अभिमानाने सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. यंत्रे सहसा बिघडत नसत, त्यामुळे हाती वेळ मात्र भरपूर असे.

त्या रिकाम्या वेळेनेच त्यांचे नशीब बदलले. कारखान्यातील लेथवर त्यांनी गंमत म्हणून एक लांबणारा हात तयार केला. कात्रीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या पट्ट्या, या टोकाला दोन मुठी आणि त्या टोकाला पकड. मुठी जवळ आणल्या की पट्ट्या सरसर लांब होत आणि पलीकडची वस्तू पकडीत येई. कामाच्या वेळेत हा उद्योग चालला असताना कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेस तो पडला. यामाउची हे कडक आणि तुटक बोलणारे गृहस्थ म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी बोलावणे धाडले तेव्हा आता नोकरी जाते, अशीच योकोई यांची समजूत झाली. झाले उलटे. पत्त्यांचा धंदा उताराला लागला होता, तांदळापासून टॅक्सीपर्यंत नाना व्यवसायांत यामाउचींनी हात पोळून घेतले होते आणि नाताळच्या हंगामासाठी त्यांना विकायला काहीतरी हवे होते. हाच हात खेळणे म्हणून तयार करा, असा हुकूम सुटला. १९६६ मध्ये 'अल्ट्रा हँड' या नावाने तो बाजारात आला आणि त्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले. देखभाल खात्यातला अभियंता रातोरात खेळण्यांचा रचनाकार झाला. पुढे तीस वर्षे यामाउचींचा धाक आणि त्यांचा विश्वास, दोन्ही त्यांच्या वाट्याला येत राहिले.

नंतरच्या दहा-बारा वर्षांतील त्यांची खेळणी पाहिली तर एक खट्याळ बुद्धी त्यांतून सतत डोकावते. 'अल्ट्रा मशीन' घरातल्या घरात मऊ चेंडू फेकून देई, मुलाने बॅटने तो टोलवायचा. १९६९ चे 'लव्ह टेस्टर' म्हणजे तर निव्वळ थट्टाच. मुलामुलीने एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांत यंत्राची एकेक टोके पकडायची; शरीरातून जाणारा बारीकसा विद्युतप्रवाह काट्यावर दिसे आणि त्यालाच प्रेमाचे माप म्हणायचे. शाळेतल्या मुलालाही समजेल असे हे शास्त्र. पण अनोळखी मुलीचा हात धरायला सभ्य निमित्त मिळावे, हा त्यामागचा खरा हेतू योकोई यांनी कधी लपवला नाही. त्या काळच्या जपानी समाजात असे निमित्त विकत घ्यायला गिऱ्हाईक कमी नव्हते.

१९७२ ची 'लेफ्टी आरएक्स' ही मोटार मात्र त्यांची विचार करण्याची रीत अधिक नेमकेपणाने दाखवते. दूरनियंत्रणावर चालणारी खेळण्यातली मोटार त्या वेळी फार महाग असे. सामान्य घरातल्या मुलाने दुकानाच्या काचेतून पाहावी आणि पुढे जावे. महागाईचे कारण होते नियंत्रणाच्या अनेक वाहिन्या. योकोई यांनी एक सोडून बाकी सगळ्या काढून टाकल्या. त्यामुळे त्यांची मोटार सरळ जाई किंवा डावीकडे वळे. उजवीकडे वळणे तिला ठाऊकच नव्हते. वर्तुळाकार मार्गावर शर्यत लावायची तर उजवीकडे वळायची गरजच काय! मोटार स्वस्त झाली आणि मुलांच्या हाती पोहोचली.

याच सुमारास शार्प कंपनीचे मासायुकी उएमुरा सौरघट विकण्यासाठी निन्टेन्डोत येत असत. छतावर बसवून वीज निर्माण करण्याच्या या वस्तूत योकोई यांना बंदुकीचे लक्ष्य दिसले. बंदुकीतून गोळीऐवजी प्रकाशाचा झोत सोडायचा, तो समोरच्या सौरघटावर पडला की खटका सुटून खेळण्यातली बाटली फुटल्यासारखी उडायची. १९७० ची ही प्रकाशबंदूक चांगली खपली आणि उएमुरा पुढे निन्टेन्डोतच दाखल झाले. त्यानंतर जपानात ओस पडू लागलेल्या बोलिंगच्या दालनांत याच तत्त्वावर नेमबाजीची केंद्रे उभारण्याचा घाट १९७३ मध्ये घातला गेला. सुरुवात झोकात झाली, पण त्याच वर्षीच्या तेलसंकटाने जपानी अर्थव्यवस्था गारठली, मागण्या धडाधड रद्द झाल्या आणि कंपनी कर्जाच्या खाईत गेली. कर्जात बुडालेली कंपनी आणि ती वाचवण्यासाठी चमत्कारिक वस्तू शोधणारा तिचा नोकर, ही 'पिक्मिन २'ची कथा निन्टेन्डोला काही आकाशातून सुचलेली नसावी.

योकोई यांच्या या रीतीला पुढे एक नाव मिळाले. वाळलेल्या तंत्राचा आडवा विचार, असा त्या जपानी शब्दांचा साधारण अर्थ. येथे वाळलेले म्हणजे टाकाऊ नव्हे. जे पिकून जुने झाले आहे, ज्याचे गुणदोष साऱ्यांना ठाऊक आहेत आणि ज्याची किंमत उतरली आहे ते. असे तंत्र घ्यायचे आणि ज्या कामासाठी ते जन्मले त्याच्या शेजारच्या भलत्याच कामाला लावायचे. मराठी वाचकाला याचे उदाहरण शोधायला जपानात जाण्याचे कारण नाही. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधला, असे मानले जाते. डोंगरांमधल्या मोकळ्या जागा मातीच्या बांधाने अडवायच्या, एवढेच त्यातले तंत्र. माती, दगड आणि उताराची जाण यापलीकडे त्यात काही नाही आणि त्या काळीही त्यात नवे काही नव्हते. बांध नेमका कोठे घालायचा, हे ओळखण्यात सारी बुद्धी होती. भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांनी पिढ्यान् पिढ्या धानशेतीला पाणी पुरवले. योकोई यांची बुद्धी या जातीची होती. नवे तंत्र शोधण्याच्या शर्यतीत ते उतरलेच नाहीत. जुन्याला बांध कोठे घालायचा, एवढेच ते पाहत राहिले.

त्यांचा सर्वांत यशस्वी बांध आगगाडीत सुचला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शिंकान्सेनने प्रवास करताना त्यांना एक कंटाळलेला नोकरदार हातातील गणकयंत्राची बटणे उगाच दाबत बसलेला दिसला. मोठ्या माणसालाही प्रवासात चारचौघांत लाज न वाटता खेळता येईल असा चिमुकला खेळ हवा, असे त्यांच्या मनात आले. कल्पना कदाचित मनातच राहिली असती. पण एके दिवशी यामाउचींच्या मोटारीचा चालक गैरहजर राहिला. अध्यक्षांची कॅडिलॅक डाव्या बाजूने चालवायची. जपानात वाहने आपल्यासारखीच उजव्या बाजूला बसून चालवतात. परदेशी मोटारीची सवय असलेला माणूस म्हणून योकोई यांना चाकामागे बसवण्यात आले. वाटेत काहीतरी बोलायला हवे म्हणून त्यांनी गणकयंत्राएवढ्या खेळाची कल्पना सांगितली. यामाउचींनी हूं की चूं केले नाही. मात्र त्या दिवशीच्या बैठकीत त्यांच्या शेजारी शार्प कंपनीचे अध्यक्ष बसले होते. आठवडाभराने शार्पचे अधिकारी निन्टेन्डोच्या दारात उभे राहिले, तेव्हा आपले बोलणे फुकट गेले नाही हे योकोई यांना कळले.

शार्प आणि कॅसिओ यांच्यात तेव्हा गणकयंत्रांच्या किमतींचे युद्ध चालले होते. द्रवस्फटिकाचे पडदे आणि चिमुकल्या चिप इतक्या स्वस्त झाल्या होत्या की त्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते. गणकयंत्राच्या पडद्यावर आकड्याचे तुकडे उजळतात किंवा विझतात. योकोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकड्यांच्या जागी माणसाच्या आकृतीचे तुकडे बसवले. २८ एप्रिल १९८० रोजी 'गेम अँड वॉच' मालिकेतील पहिला खेळ 'बॉल' बाजारात आला. एक काळी आकृती चेंडू झेलते आणि उडवते, दोन्ही बाजूंना एकेक बटण, बस्स. खेळ संपला की तेच यंत्र घड्याळ म्हणून टेबलावर ठेवता येई. १९९१ पर्यंत या मालिकेत साठच्या घरात खेळ निघाले आणि जगभर त्यांचे ४ कोटी ३० लाखांहून अधिक नग विकले गेले. निन्टेन्डोचे कर्ज फिटले. आखातात नोकरीला असलेल्या एखाद्या काका-मामाच्या बॅगेतून असे खेळ मुंबई-पुण्याच्या घरांतही पोहोचले. ज्या मुलाच्या हाती ते पडले, त्याच्याभोवती सोसायटीतली मुले पाळी लावून उभी राहत.

या यशातूनच एक चिमुकला शोध लागला, जो आज जगातील बहुतेक खेळयंत्रांवर दिसतो. १९८१ मध्ये तरुण चित्रकार शिगेरू मियामोतो यांनी योकोई यांच्या देखरेखीखाली 'डाँकी काँग' हा नाणे टाकून खेळायचा खेळ तयार केला. पुढे मारिओ नावाने जगप्रसिद्ध झालेला मिशीवाला कारागीर प्रथम अवतरला तो यातच. हा खेळ 'गेम अँड वॉच'मध्ये आणायचा तर चारही दिशांना हलवणारा दांडा हवा, आणि दांडा असला की यंत्र खिशात मावत नाही. योकोई यांनी अधिकच्या चिन्हासारखे एक सपाट बटण बनवले. बोटाखाली कोणती दिशा दाबली जाते आहे, हे न पाहता कळे. १९८२ च्या 'डाँकी काँग'वर ते प्रथम बसले, १९८३ च्या 'फॅमिकॉम'ने ते उचलले आणि मग ते सर्वत्र झाले. नव्वदच्या दशकात भारतात 'फॅमिकॉम'च्या स्वस्त नकला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम म्हणून आल्या. उन्हाळ्याच्या सुटीत ज्यांच्या डाव्या अंगठ्याला घट्टे पडले, त्यांनी योकोई यांचेच बटण झिजवले होते. नाव कोणाला ठाऊक नव्हते, इतकेच.

ऐंशीच्या दशकातील त्यांची इतर कामे भरभर सांगता येतील. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि दुकानदार अशा यंत्रांना दारात उभे करीनात. तेव्हा योकोई यांचा 'रॉब' हा प्लॅस्टिकचा यंत्रमानव १९८५ मध्ये सोबत देऊन निन्टेन्डोचे यंत्र खेळणे म्हणून विकले गेले. यंत्रमानव म्हणून रॉब संथ आणि बराचसा निरुपयोगी होता. दार उघडून देण्यापुरतेच त्याचे काम होते आणि ते त्याने चोख केले. १९८६ च्या 'मेट्रॉइड' या खेळाचे निर्मातेही योकोईच.

त्यांच्या आयुष्याचे मोठे यश मात्र २१ एप्रिल १९८९ रोजी आले. 'गेम बॉय' हे यंत्र राखाडी, जाडजूड आणि दिसायला अनाकर्षक होते. पडदा हिरवट, त्यावर चार छटा, रंग नाहीत आणि अंधारात खेळायचे तर दिव्याखाली बसायला हवे. त्याच वर्षी अटारी कंपनीने रंगीत आणि उजळ पडद्याचे 'लिंक्स' आणले, पुढच्या वर्षी सेगाचे 'गेम गिअर' आले. कागदावर तुलना केली तर 'गेम बॉय' हरायला हवा होता. पण रंगीत पडदे सहा सेल चार-पाच तासांत गिळून टाकत. 'गेम बॉय' चार सेलवर दहा तासांहून जास्त चाले. किंमत कमी आणि हातातून पडला तरी चालू राहणारा. आखाती युद्धात जळून काळवंडलेला एक 'गेम बॉय' चालू स्थितीत न्यूयॉर्कमधील निन्टेन्डोच्या दुकानात अनेक वर्षे मांडून ठेवला होता. मॉस्कोतील अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये रचलेला 'टेट्रिस' अमेरिकेत या यंत्रासोबत दिला गेला आणि मुलांइतकेच त्यांचे आईवडीलही त्याला चिकटले. भारतात अधिकृत 'गेम बॉय' फारसा दिसला नाही. पण टेट्रिसचीच नक्कल असलेला चिनी 'ब्रिक गेम' नव्वदच्या दशकात गावोगावच्या जत्रांतून विकला गेला. योकोई यांच्या विचाराचा तो अनौरस वारसदार म्हणावा लागेल.

या यशाआधीची एक हकीकत फारशी सांगितली जात नाही. 'गेम बॉय'चा नमुना तयार झाला तेव्हा त्याचा पडदा थोडासा तिरका धरला की काहीच दिसेनासे होई. यामाउचींनी तो पाहिला आणि त्यांचा पारा चढला. पडदे पुरवण्यासाठी तोवर मोठा खर्च झाला होता. पन्नाशीला टेकलेले योकोई त्या दिवसांत पार खचून गेले होते. वेगळ्या जातीचा पडदा मिळाला आणि प्रकल्प वाचला. त्याच्या रंगीत भावंडासह 'गेम बॉय'चे ११ कोटी ८० लाखांहून अधिक नग खपले. तरी तो वाचला नसता तर काय, या विचाराने पुढची वर्षे त्यांना किती छळले असेल, याची कल्पना करता येते.

पन्नाशीत निवृत्त व्हायचे त्यांच्या मनात होते. ते राहिले आणि त्यांच्या हातून 'व्हर्च्युअल बॉय' घडला. एका अमेरिकी कंपनीच्या तंत्रावर आधारलेला हा प्रयोग म्हणजे टेबलावर ठेवलेला चष्मा. त्यात डोळे खुपसायचे आणि काळ्या पार्श्वभूमीवर लाल रेषांचे खोली असलेले जग पाहायचे. लालच का, तर लाल दिवे स्वस्त होते. म्हणजे रीत जुनीच. पण या वेळी हिशेब चुकला. यंत्र धड घरचे नव्हते, धड खिशातले नव्हते. मान अवघडे, डोळे दुखत आणि सोबतीला बसलेल्या माणसाला काहीच दिसत नसे. खेळणे चारचौघांना जवळ आणते, हा ज्यांच्या कामाचा प्राण होता त्यांनीच माणसाला एकटे पाडणारे यंत्र केले, असे म्हणावेसे वाटते. २१ जुलै १९९५ रोजी जपानात विक्री सुरू झाली आणि वर्ष संपता संपता तेथे ती थांबली. जगभरात मिळून जेमतेम पावणेआठ लाख नग गेले. कंपनीचे सारे लक्ष तेव्हा येऊ घातलेल्या 'निन्टेन्डो ६४'कडे होते आणि हा प्रयोग पुरेसा शिजण्याआधीच बाजारात ढकलला गेला, असे अनेक जाणकारांचे मत आहे.

१५ ऑगस्ट १९९६ रोजी योकोई यांनी निन्टेन्डो सोडली. अपयशाची शिक्षा म्हणून त्यांना बाजूला सारले गेले, ही कथा पुढे खूप पसरली. योकोई यांनी स्वतः मात्र आपले जाणे आधीच ठरले होते, असेच सांगितले. खरे-खोटे काहीही असो, जाण्यापूर्वी त्यांनी 'गेम बॉय'ची सडपातळ आवृत्ती पूर्ण करून दिली. ३१ वर्षांच्या नोकरीची अखेर पराभवाने होऊ नये, असे त्यांना वाटले असणे स्वाभाविक आहे. त्यानंतर त्यांनी क्योतोत कोतो नावाची छोटी प्रयोगशाळा काढली आणि बंडाई कंपनीसाठी एका नव्या हातयंत्राचे काम सुरू केले. स्वतःच्याच 'गेम बॉय'ला प्रतिस्पर्धी उभा करायचा होता.

४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील होकुरिकू महामार्गावर त्यांच्या मोटारीची पुढच्या ट्रकशी किरकोळ टक्कर झाली. काय नुकसान झाले हे पाहण्यासाठी ते खाली उतरले आणि मागून आलेल्या मोटारीने त्यांना धडक दिली. वय अवघे ५६. बंडाईचे 'वंडरस्वान' ४ मार्च १९९९ रोजी बाजारात आले. रंगाविना, स्वस्त आणि एका सेलवर तीसेक तास चालणारे. प्रत्येक बाबतीत ते त्यांचेच होते. त्यावरील एका कोड्याच्या खेळाला 'गनपे' हे नाव देण्यात आले. 'गेम बॉय'ला हरवणे त्याला जमले नाही.

मृत्यूनंतर त्यांच्या वस्तूंनी एक वेगळेच आयुष्य सुरू केले. २००१ मध्ये 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या मारामारीच्या खेळात 'गेम अँड वॉच'मधली ती सपाट काळी आकृती लढवय्या म्हणून उतरली. तिच्या हालचाली मुद्दाम जुन्या पडद्यासारख्याच झटक्याझटक्याने होतात. २००३ च्या 'वारिओवेअर'मध्ये निन्टेन्डोच्या जुन्या वस्तूंनी झपाटलेला एक मुलगा आहे. हा खेळ योकोई यांनी ज्या विभागाचे नेतृत्व केले त्याच विभागातून निघाला. २०१९ च्या 'लुइजीज मॅन्शन ३'मध्ये भुते पकडणाऱ्या लुइजीच्या हाती लाल पडद्याचे एक यंत्र असते. ते उघडच 'व्हर्च्युअल बॉय' आहे. दुकानात ज्याला कोणी हात लावत नव्हते, ते तिथे नायकाचे हुकमी साधन झाले आहे. २०२३ च्या 'झेल्डा: टिअर्स ऑफ द किंगडम'मध्ये दूरच्या वस्तू उचलून जोडण्याच्या शक्तीला 'अल्ट्राहँड' म्हणतात, हे नाव कोठून आले हे तो खेळणाऱ्या कोट्यवधी मुलांपैकी किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे. अपयशी 'व्हर्च्युअल बॉय'चे खेळ पुन्हा उपलब्ध करण्याची घोषणाही निन्टेन्डोने २०२५ मध्ये केली.

यात एक विसंगती आहे, ती योकोई यांना नक्कीच जाणवली असती. स्वस्त असावे, कुणाच्याही हाती जावे, खेळून झिजावे यासाठी त्यांनी आयुष्यभर किंमत छाटली. आज त्याच 'गेम अँड वॉच'चे डबाबंद, बोट न लागलेले नमुने संग्राहक काचेमागे ठेवतात. खेळांच्या आतल्या संग्रहांचे तसे नाही. तिथे ज्याला ते सापडते त्याला ते फुकट मिळते आणि पुष्कळदा चालूही करता येते.

निन्टेन्डोने ऑक्टोबर २०२४ मध्ये क्योतोजवळच्या उजी येथे आपले संग्रहालय उघडले. 'अल्ट्रा हँड', 'अल्ट्रा मशीन' आणि 'लव्ह टेस्टर' यांच्या नव्या आवृत्त्या तेथे हाताळायला ठेवल्या आहेत. जोडीने आलेल्यांना 'लव्ह टेस्टर'पुढे हात धरून उभे राहावे लागते. इमारत कंपनीच्याच जुन्या कारखान्याची आहे. तिच्या एका भागात पाहुण्यांना हानाफुदाचे पत्ते हाताने करायला शिकवतात.